वीजविक्रेत्यांचे हरित बंधन: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कायद्याची पदवी घेऊन मी पुण्यातील एका सल्लागार कार्यालयात रुजू झाले, तेव्हा वीज विकणाऱ्याने अखंड पुरवठा करावा आणि आयोगाने मंजूर केलेल्या दरानेच बिल लावावे, एवढेच त्याचे कर्तव्य असते, अशी माझी समजूत होती. विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ८६(१)(ई) वाचल्यावर ती दूर झाली. वितरण परवानाधारकाच्या क्षेत्रातील एकूण वीजवापरापैकी किती टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घेतली पाहिजे, हे ठरवण्याचे काम हे कलम राज्य वीज नियामक आयोगाकडे सोपवते. नवीकरणीय वीज खरेदीच्या या बंधनाला कार्यालयात सगळे ‘आरपीओ’ (रिन्युएबल पर्चेस ऑब्लिगेशन) म्हणतात. ते वितरण कंपन्यांपुरते मर्यादित नाही. ओपन अ‍ॅक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या विक्रेत्याकडून थेट, वीज घेणारे आणि कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या, प्रकल्पाची वीज वापरणारे मोठे कारखानेही त्यात येतात.

प्रत्यक्ष हरित वीज कमी पडली, तर तेवढी नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे, म्हणजे आरईसी, विकत घेऊन तूट भरता येते. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास, अर्थात १,००० युनिट. निर्मात्याने वीज साधी वीज म्हणून विकलेली असते आणि तिचा हरितपणा प्रमाणपत्राच्या रूपाने वेगळा विकला जातो. त्यामुळे एकाच युनिटचा हरितपणा दोन ठिकाणी मोजणे हा या कामातील सर्वांत गंभीर दोष मानला पाहिजे. महाराष्ट्रात प्रकल्पांना मान्यता देण्याचे आणि अनुपालनाची माहिती गोळा करण्याचे काम पुण्यातीलच ‘महाऊर्जा’ ही राज्याची ऊर्जा विकास संस्था पाहते, प्रमाणपत्रे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र देते आणि त्यांची खरेदी-विक्री वीज एक्स्चेंजवर होते.

माझी पहिली मोठी चूक येथे सविस्तर सांगते, कारण ती सहज घडते. २०२०-२१ साठी महाराष्ट्रात सौर ४.५ टक्के आणि बिगर-सौर ११.५ टक्के, असे एकूण १६ टक्के बंधन होते. वीजवापर १,००० दशलक्ष युनिट धरला, तर ४५ सौर आणि ११५ बिगर-सौर हवेत. माझ्या तक्त्यात सौर २५ आणि बिगर-सौर १४० होते. बेरीज १६५ आली, म्हणून मी शेऱ्याच्या रकान्यात ‘पूर्तता झाली’ असे लिहिले. आमच्या वरिष्ठ मॅडमनी काही न बोलता सौर रकान्यातल्या २५ भोवती पेन्सिलीने गोल केला. पवनऊर्जेच्या, म्हणजे बिगर-सौर, शिलकीने सौर तूट भरून निघत नव्हती; २० दशलक्ष युनिट म्हणजे २०,००० सौर प्रमाणपत्रे घ्यायची बाकी होती, आणि आयोगापुढे जाणाऱ्या कागदावर मी नेमके त्याच्या उलट लिहिले होते. अशा उल्लंघनाला कलम १४२ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि उल्लंघन चालूच राहिले, तर दिवसाला सहा हजारांपर्यंत आणखी.

नियम पुढे बदलले. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे २०२२ चे आरईसी विनियम ५ डिसेंबर २०२२ पासून लागू झाले. प्रमाणपत्रांतील सौर आणि बिगर-सौर हा भेद गेला, किमान-कमाल किमतीची चौकट गेली, आणि प्रमाणपत्र वापरले जाईपर्यंत वैध राहू लागले. ऊर्जा संवर्धन अधिनियमाखालील ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के असे देशव्यापी लक्ष्य घातले, ज्यात पवन, जल आणि विकेंद्रित ऊर्जेचे वाटे पुन्हा वेगळे आहेत. रकाने वेगळे ठेवण्याची शिस्त म्हणूनच आजही तेवढीच लागते. कोणत्याही वर्षाचे काम हाती आले की त्या वर्षाला कोणते विनियम लागू होते ते आधी पाहा, टक्केवारी त्यानंतर.

नव्याने येणाऱ्यांना मी एकच अभ्यास आवर्जून सांगते. आयोगाचा आरपीओ पडताळणीचा एखादा जुना आदेश घ्या, त्यातील एका परवानाधारकाचे आकडे कोऱ्या कागदावर हाताने पुन्हा मांडा, दशलक्ष युनिटांचे मेगावॅट-तास करा आणि तूट आदेशाशी जुळते का ते पाहा. न जुळल्यास आदेशात शिल्लक पुढे ओढली आहे की मागील वर्षांची तूट मिळवली आहे, तो परिच्छेद शोधा. मला पहिल्या आदेशाला चार संध्याकाळी लागल्या, आणि चौथ्या संध्याकाळी मागील वर्षाची तूट सापडली.