जुन्या साड्या ऑनलाईन विकायच्यात? आधी टेप आणा

माझं दुकान म्हणजे इन्स्टाग्रामचं पेज आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, बास. सांगलीत घरी बसून आजीच्या काळातल्या साड्या, ब्लाऊज, टेरिलीनचे शर्ट विकायचे. गेल्या वर्षी सपशेल आपटले, आता परत सुरू करतेय म्हणून ही तयारी लिहून काढतेय. नाव, लोगो, पेजचा रंग यात आठवडा घालवू नका, मी घालवला.

टेप आणा. नवीन, शिंप्याकडं असतो तसला. घरातला ताणून लांबलेला चालणार नाही, का ते सांगते पुढं.

माल कुठनं? आधी माळ्यावरची ट्रंक, मग आत्या-मावश्या, मग बोहारीण. आमच्या गल्लीत येते तिला सांगून ठेवलंय, भांड्यावर इरकल नाहीतर खणाचं काही आलं की आधी मला दाखव. फक्त घरातली साडी असेल तर ती जिची आहे तिला विचारून घ्या बाई, मी आत्याची साडी न विचारता पेजवर टाकली आणि दोन महिने ती माझ्याशी बोलत नव्हती.

आलेला प्रत्येक कपडा खिडकीसमोर उजेडात धरायचा, विरलेलं लगेच दिसतं. रेशीम घडीवर आधी तुटतं, तिथं बोट फिरवा. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला, तो जोड सुटला नाही ना बघा. कापड कळत नसेल तर आतनं एक धागा काढून जाळा, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागदासारखा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टरला रेशीम म्हणून विकू नका, एवढंच. डागांचे फोटो टाका, लपवलेला डाग पार्सलसकट परत येतो.

आता माप. सुती कपडा आधी धुवा, वाळवा, मग मोजा. धुवायच्या आधी मोजलेलं धरू नका, आटतो तो. शर्टाच्या कॉलरवर 42 लिहिलंय म्हणून 42 लिहू नका, मी लिहिलं, चारपैकी तीन शर्ट परत आले. जमिनीवर सपाट पसरायचा, काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करायची, ती छाती. मग खांदा, उंची, बाही. ब्लाऊजला मुंढा आणि कंबर, आणि शिलाईत आत किती कापड सोडलंय तेही लिहा, जुन्या शिंप्यांनी बऱ्याचदा सोडलेलं असतं, ब्लाऊज उसवून मोठा करता येतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच घेतं.

आणि साडीसुद्धा मोजा!! साडीला कसलं माप, असं मलाही वाटलेलं. नौवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्यात काय मोजायचं. पुण्याच्या एका बाईंनी मंगळागौरीसाठी घेतली आणि ऐन सणाच्या सकाळी त्यांचा फोन, काष्टा बसत नाही. निघाली सात वार. आमच्या आजीनं कधीतरी गोधडीसाठी कापून घेतलेली आणि काठ इतका सुबक दुमडून शिवलेला की कुणाला कळू नये. पैसे परत केले, पण त्यांची मंगळागौर गेली ती गेलीच. तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, टेप लावून, रुंदीसुद्धा. अंदाजानं नाही, हातानं नाही.

माल तळमजल्यावर ठेवू नका, 2019 चा पूर बघितलेल्या सांगलीकराला हे सांगायला लागू नये. जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, सुती फडक्यात गुंडाळा, अधनंमधनं घडी बदला.

फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश नको. किंमत तुमची तुम्ही ठरवा. जीएसटीचं सीएला विचारा, राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नक्कीच, तिथं नियम वेगळा आहे. पार्सलला आतनं प्लॅस्टिक, पावसाळ्यात दोन. पिनकोड नीट. आणि चिकटपट्टी लावायच्या आधी पेजवर लिहिलेलं माप आणि हातातली साडी परत एकदा टेपनं ताडून बघा. हो, परत.