ड्रोनच्या फोटोंवरून शिवाराचा कॉन्टूर नकाशा कसा करावा

बांधबंदिस्ती असो की शेततळं, सगळा खेळ उताराचा. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटरला एक. बालाघाटच्या डोंगररांगेत तेवढ्याने भागतं. परभणी-हिंगोलीकडच्या सपाट काळ्या रानात मात्र दोन रेषांच्या मधे अख्खं शिवार बसतं. आपल्याला अर्ध्या मीटरची रेषा हवी.

उड्डाण एप्रिल-मेमध्येच करा. रब्बी निघालेली असते, पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, जमीन उघडी असते. कॅमेऱ्याला उसाचा शेंडा दिसतो, खालची माती दिसत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावर आपलं क्षेत्र आधी तपासा; हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र यांचे नियम मात्र पाळावेच लागतात.

आता खरं काम, जमिनीवरच्या खुणांचं. चुन्याने ठळक फुल्या मारा: शिवाराच्या चारी कोपऱ्यांत, मधे, शिवाय नाल्याच्या तळाशी आणि टेकाडावर. भेगाळलेल्या काळ्या मातीत नको, ती फुगते-आकसते. मुरूम, खडक किंवा विहिरीचा कठडा बघा. प्रत्येक फुलीचे अक्षांश, रेखांश आणि उंची आरटीके जीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणाऱ्या जीपीएसने) मोजा. चार-पाच फुल्या हिशोबात न धरता पडताळणीसाठी राखून ठेवा. या कामात घाई केली तर फोटो कितीही देखणे येवोत, उंची चुकते.

सुमारे १०० मीटर उंचीवरून फोटो घ्या. पुढचा-मागचा फोटो ८० टक्के आणि शेजारची ओळ ७० टक्के एकमेकांवर यायला हवी. वारा पडलेला असताना, सावल्या आखूड झाल्यावर उडवा.

फोटो 'वेबओडीएम'मध्ये टाका. फोटो जोडून नकाशा करणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. फुल्यांची यादी जोडा आणि झाडं-घरं वगळून जमिनीचं मॉडेल मागा. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, यूटीएम पट्टा ४३ उत्तर. किनवट ७८ रेखांशापलीकडे असल्याने तिथे ४४. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्याकडे फरक ५० मीटरांहून जास्त पडतो. जुन्या नकाशाशी जोडायचं असेल तर ती दुरुस्ती आधी करा.

मग 'क्यूजीआयएस' या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टूर काढा. राखून ठेवलेल्या फुल्यांवर उंचीची सरासरी चूक १५ सेंटिमीटरच्या आत असेल, तरच अर्ध्या मीटरच्या रेषा छापा. नसेल तर एक मीटरच्या. छापील नकाशा घेऊन गावातल्या जाणत्या शेतकऱ्याबरोबर नाल्याकाठाने चाला आणि पाणी कुठून वळतं ते रेषांशी ताडून बघा.