खोलीत ‘काहीतरी आहे’ म्हणतात? आधी हे बघा

गिरगावातल्या आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत म्हणे कुणी टिकत नाही. मी तिथेच संसार केला, म्हणून सांगते.

रात्री माळ्यावर पावलं वाजली तर आधी लाकूड बघा. जुन्या तुळया दिवसा तापतात, रात्री आकसतात, कडकडतात. पहाटेची धडधड पाणी सुटायच्या वेळेशी ताडून बघा. रिकाम्या पाइपातली हवाच ती.

घरातल्या सगळ्यांचंच डोकं जड, मळमळ, भास? मग थट्टा नको. गॅस गिझर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि तडक डॉक्टर. गिझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात असंच ‘झपाटलेलं’ घर छापून आलं होतं. दोष निघाला तिथल्या घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीचा.

सासूबाईंना नारळ फोडायचाय? फोडू द्या, चटणी तरी होते. पण भूत उतरवतो म्हणत मारहाण करणारा बाबा दारात आला तर सरळ पोलीस ठाणं गाठा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आणि भिंतीला नवी चीर दिसली, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असली, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या.