मिळकतकराचं बिल भरण्याआधी ते वाचायचं कसं?

एप्रिल-मेमध्ये महापालिकेचं बिल हातात पडलं की बहुतेक पुणेकर दोनच गोष्टी बघतात: एकूण रक्कम किती आणि सवलतीची शेवटची तारीख कोणती. माझी मावशी वारज्याला राहते. 2020 साली फ्लॅट घेतल्यापासून सवलतीची मुदत तिनं एकदाही चुकवली नव्हती. 2023 च्या उन्हाळ्यात तिच्या जेवणाच्या टेबलावर बिल पसरून आम्ही प्रत्येक ओळ पेन्सिलनं तपासत गेलो, तेव्हा कळलं की स्वतः राहत्या घराला मिळणारी 40 टक्के सवलत तिला कधी लागलीच नव्हती. त्या पैशांपुढे मुदतीत भरल्याची सूट किरकोळ होती. म्हणून पैसे भरायच्या आधी अर्धा तास काढा आणि बिल वाचा.

आधी बिलाचा माथा बघा

मिळकत क्रमांकाचे तीन भाग असतात: विभाग, पेठ आणि खाते क्रमांक. घर बाणेरला असो की कात्रजला, कागदावर ती ‘पेठ’च. महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर हे तीन भाग टाकले की बिल, थकबाकी आणि जुन्या पावत्या दिसतात. (घर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर ती महापालिका वेगळी आणि नियमही वेगळे.)

मग नाव, पत्ता, क्षेत्रफळ आणि वापर बघा. क्षेत्रफळ करारनाम्यातल्या आकड्याशी ताडून बघा. वापर ‘निवासी’ आहे का, आणि पुढे मालक स्वतः राहतो अशी नोंद आहे की भाडेकरूची, हे नीट पाहा. सगळा खेळ या एका नोंदीवर आहे.

कर ठरतो कसा

पुण्यात कर घराच्या बाजारभावावर ठरत नाही. घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल याचा महापालिकेनं धरलेला अंदाज हा त्याचा पाया. एक उदाहरण घेऊ. दर फक्त समजण्यापुरता धरलाय, तुमचा वेगळा असेल. 700 चौरस फुटांचं घर, महिन्याला चौरस फुटामागे 3 रुपये. 700 गुणिले 3 गुणिले 12, म्हणजे वर्षाचे 25,200 रुपये. त्यातून देखभाल-दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले की राहतात 22,680. हे झालं वार्षिक करपात्र मूल्य. तुम्ही स्वतः राहत असाल तर भाडं 60 टक्केच धरतात, मग हाच आकडा 13,608 वर येतो. सगळे कर याच आकड्याच्या टक्केवारीत लागत असल्यामुळे इथे फरक पडला की पुढच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत पडतो.

शेजारच्या जुन्या इमारतीत तेवढ्याच फ्लॅटला कमी कर का, हा प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक सभेत निघतो. जुन्या मिळकतींची आकारणी जुन्या दरानं झालेली असते आणि नव्यांना नवा दर लागतो, हे त्याचं मुख्य कारण. मला ही तफावत न्याय्य वाटत नाही, पण ती तुमच्या बिलातली चूक नव्हे.

खालच्या तक्त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, पाणी, मलनिःसारण, वृक्ष, शिक्षण असे रकाने दिसतील. यातला काही भाग राज्य सरकारचा असतो, महापालिका तो फक्त गोळा करते. रोजगार हमी कर बिगरनिवासी जागेला असतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर वापराची नोंद चुकली असण्याची दाट शक्यता आहे.

40 टक्के सवलत नसेल तर

ही सवलत पुण्यात 1970 पासून होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर ती थांबली आणि 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयानं परत आली. मधल्या काळात, म्हणजे 1 एप्रिल 2019 पासून, नोंद झालेल्या घरांना आणि सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली त्या घरांना ती आपोआप मिळाली नाही, मालकांना पीटी-3 (म्हणजे या सवलतीसाठीचा महापालिकेचा ठरलेला) अर्ज करावा लागला. ज्यांच्या बिलात सवलत आधीपासून चालू आहे त्यांना हा अर्ज लागत नाही.

अर्जासोबत तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा द्यायचा: सोसायटीचं पत्र, शिवाय मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी जे त्या पत्त्यावर असेल ते. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रतही लागते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा तुमच्या पेठेचं मिळकतकराचं काम बघणाऱ्या पेठ निरीक्षकाकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. मावशीकडे सोसायटीचं पत्र नव्हतं. सचिव गावाला गेलेले, त्यात आठवडा गेला. पुढे अर्ज मंजूर झाला आणि जादा भरलेली रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करायचं ठरलं.

आता भरा

मुदतीत पूर्ण वर्षाचं बिल भरलं तर सर्वसाधारण करात सूट मिळते: करपात्र मूल्य 25 हजारांपर्यंत असेल तर 10 टक्के, त्यापुढे 5 टक्के. सूट एकूण बिलावर नसते, त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर गोंधळू नका. मुदतीची तारीख बिलावरचीच धरा. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर आणखी 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. प्रकल्प मात्र खरोखर चालू हवा. छतावरचा बंद पडलेला सौरबंब चालत नाही.

थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. आकारणीबद्दल वाद असला तरी हा आकडा लक्षात ठेवा. नव्या आकारणीची नोटीस आली तर हरकतीची मुदत त्याच दिवशी बघा, ती थोड्या दिवसांची असते, आणि हरकत लेखीच द्या.

नाव बदलायचं राहिलं असेल तर

घर विकत घेतल्यावर हस्तांतराची माहिती तीन महिन्यांच्या आत महापालिकेला द्यायची असते, वारसानं आलं असेल तर मृत्यूपासून एका वर्षाच्या आत. सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा उतारा, म्हणजे ‘इंडेक्स टू’), सोसायटीचं पत्र आणि कर भरल्याची पावती जवळ ठेवा. बिलावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, मालकी नोंदणीकृत दस्तावरून ठरते. तरीही बिलावर अजून वडिलांचं नाव असेल तर सवलतीचा अर्ज करण्याआधी ते बदलून घ्या, कारण राहणारा मालकच आहे हे दाखवताना सगळ्यात आधी तिथेच अडतं.