एल्ट्रोम्बोपॅगची पहिली गोळी घेण्यापूर्वी करावयाची तयारी

आयटीपी (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, परक्या समजून नष्ट करते, आणि हे १२ महिन्यांहून अधिक काळ चालू राहिले की आजाराला दीर्घकालीन म्हटले जाते. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी हा नाश थांबवत नाही. प्लेटलेट तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींना ती अधिक उत्पादनाचा संकेत देते. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत गोळी चालू असेपर्यंतच तिचा उपयोग होतो, आणि तोही ती आतड्यातून नीट शोषली गेली तरच. माझ्या मते तयारीचा सर्वांत मोठा भाग या शोषणाचा, म्हणजे पर्यायाने घड्याळाचा आहे. परंतु त्याआधी काही तपासण्या उरकून घ्याव्या लागतात.

प्लेटलेटसह संपूर्ण रक्तगणना झालेली असावी. यकृताची एएलटी, एएसटी आणि बिलिरुबिन ही मूल्ये पहिल्या गोळीपूर्वी नोंदलेली असावीत, कारण हे औषध यकृताला इजा करू शकते आणि पुढे मूल्ये वाढली तर ती कशाच्या तुलनेत वाढली हे कळले पाहिजे. मोतीबिंदू होण्याची किंवा असलेला वाढण्याची शक्यता असल्याने डोळेही आधीच तपासून घ्यावेत. पूर्वी कधी पायात, फुप्फुसात किंवा अन्यत्र रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर हे सर्व डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. ते विचारतील म्हणून थांबू नये. प्रौढांना सहसा दिवसातून एकदा ५० मि.ग्रॅ. पासून सुरुवात करतात, मात्र यकृताचे काम मंदावलेले असल्यास किंवा व्यक्ती पूर्व अथवा आग्नेय आशियाई वंशाची असल्यास २५ मि.ग्रॅ. पासून. आयटीपीसाठी दिवसाची कमाल मात्रा ७५ मि.ग्रॅ. आहे.

आता घड्याळ. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त आणि सेलेनियम यांच्याशी हे औषध पोटातच बांधले जाते आणि रक्तात न पोहोचता निघून जाते. अँटासिडबरोबर (पित्तावरच्या औषधाबरोबर) घेतल्यास शोषण सुमारे ७० टक्क्यांनी घटते. म्हणून हे पदार्थ घेण्याच्या किमान २ तास आधी किंवा घेतल्यानंतर किमान ४ तासांनी गोळी घ्यावी, असा नियम आहे. ज्या जेवणात कॅल्शियम ५० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नाही, त्याच्यासोबत ती चालते. पण २०० मि.लि. दुधात सुमारे २४० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते, यावरून ही मर्यादा किती लहान आहे हे ध्यानात येईल. नियम वाचताना सोपा वाटतो आणि रोजच्या दिवसात बसवताना अवघड होतो, म्हणून औषध हाती येण्याआधीच दोन-तीन दिवस आपण दूध, दही, चीज, आइस्क्रीम, दुधाचा चहा किंवा कॉफी नेमकी कोणत्या वेळी घेतो, हे कागदावर लिहून काढावे. रात्री ८ वाजता दही खाणाऱ्याने १० वाजता गोळी घेतली, तर ती बरीचशी वाया जाते. अशा व्यक्तीने एकतर रात्रीच्या जेवणातून दुग्धजन्य पदार्थ काढावेत, किंवा पहाटे ६ ला गोळी घेऊन ८ पर्यंत फक्त पाण्यावर राहावे. दोन्हींपैकी जे वर्षभर निभेल ते निवडावे. गोळीची वेळ रोज तीच असावी. गोळी फोडून, चावून किंवा कुटून अन्नात मिसळू नये.

याच कागदावर घरातील इतर सर्व औषधे लिहावीत. मल्टीव्हिटॅमिन, लोहाची गोळी, हाडांसाठीचे कॅल्शियम आणि पित्तावरचे पातळ औषध यांना अनेकजण औषध समजतच नाहीत, आणि नेमकी तीच येथे आड येतात. रोसुव्हास्टॅटिनसारखे कोलेस्टेरॉलचे औषध चालू असल्यास त्याची मात्रा बदलावी लागू शकते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नयेत.

रक्ततपासण्यांच्या तारखा आधीच ठरवून घ्याव्यात. प्लेटलेटची संख्या स्थिरावेपर्यंत रक्तगणना दर आठवड्याला आणि नंतर दरमहा होते. यकृताची तपासणी मात्रा ठरेपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दरमहा. परिणाम बहुधा एक ते दोन आठवड्यांत दिसू लागतो. घरातील सर्वांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: निरोगी माणसाच्या प्लेटलेट प्रति मायक्रोलिटर दीड ते साडेचार लाख असतात, पण उपचाराचे उद्दिष्ट तो आकडा गाठणे हे नसून रक्तस्रावाचा धोका टळावा म्हणून ५०,००० च्या वर राहणे हे आहे. आकडा २ लाखांवर गेला की मात्रा कमी करतात, ४ लाखांवर गेला की औषध थांबवतात. अहवालात मोठा आकडा पाहून आनंद होणे स्वाभाविक आहे, मी तो समजू शकतो. पण तेथे गुठळीचा धोका वाढतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एका पायाला सूज व दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे, डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, लघवी गडद होणे, नजर धूसर होणे ही लक्षणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. औषधामुळे रक्तद्रवाचा रंग तांबूस-तपकिरी होऊन बिलिरुबिन आणि क्रिएटिनिनच्या चाचण्या चुकू शकतात, म्हणून प्रयोगशाळेला गोळीचे नाव सांगावे.

या आजाराच्या इतर गोळ्यांचे नियम येथे लावू नयेत. अवाट्रोम्बोपॅग जेवणासोबतच घेतात. फोस्टामॅटिनिब सहसा दिवसातून दोनदा घेतात आणि त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर पुढच्या ठरलेल्या वेळीच घ्यावी. एका दिवसात दोन मात्रा घेऊ नयेत. साठा संपण्याची वाट मात्र कधीही पाहू नये. अचानक थांबल्यास प्लेटलेट उपचारापूर्वीपेक्षाही खाली जाऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि म्हणूनच डॉक्टरांनी औषध बंद केल्यानंतरही किमान चार आठवडे दर आठवड्याला रक्तगणना करावी लागते. शेवटच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या की नवीन मागवाव्यात, आणि प्रवासात त्या सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.