मांडीतून अँजिओ झाली, आता डिवाइस लावायचं का हातानेच दाबायचं?

कॅथलॅबमधे (जिथे अँजिओ करतात ती खोली) नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, दादा आज डिवाइस (धमनीतलं भोक बंद करणारं उपकरण) का प्रेशर (हाताने दाबणं)? आणि विचारतात कधी, तर केस संपून वायर बाहेर आल्यावर. अरे, याचं निम्मं उत्तर सुई घातली तेव्हाच ठरलेलं असतं. डिवाइस डॉक्टरच लावतात, पण शीथ (धमनीत घातलेली नळी) काढायला आणि नंतर लक्ष ठेवायला आपणच असतो, म्हणून लिहितोय.

मनगटातून केलं असेल तर फार डोकं चालवायचं नाही, बँड (हवेच्या फुग्याचा पट्टा) लावायचा. रेडियल, म्हणजे मनगटातली अंगठ्याकडची धमनी, कातडीच्या लगेच खाली आणि मागे हाड, त्यामुळे दाबायला सोपी. फुग्याची खूण भोकावर धरून १३ ते १५ मिली हवा भरायची, शीथ बाहेर काढायची, आणि मग हळूहळू हवा सोडत जायचं, रक्ताचा थेंब दिसला की १-२ मिली परत भरायची. एवढ्यावर थांबू नका. अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावा, करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बोटाने दाबा आणि स्क्रीन बघा, लाट आली तर रेडियल चालू आहे, सपाट झाली तर बँड जास्त आवळलाय. मी सुरुवातीला भीतीपोटी १८ मिली ठासून भरून ठेवायचो, रक्त नाही म्हणून खूश, आणि एका काकांच्या मनगटात दुसऱ्या दिवशी पल्सच लागेना. हाताला काही झालं नाही, अल्नरने सांभाळलं, पण पुढच्या वेळी तो रस्ता बंदच ना.

मांडीचं प्रकरण वेगळं. तिथे आधी शीथमधून थोडी डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून एक शॉट घ्यायला लावा, उजवी बाजू असेल तर आरएओ ३० (कॅमेरा पेशंटच्या उजवीकडे ३० अंश तिरका). बघायचं काय तर शीथ कॉमन फेमोरलमधे (मांडीची मुख्य धमनी), मांडीच्या हाडाच्या गोळ्यासमोर शिरलीये का, का खाली फाटा फुटतो तिथे. धमनी ४ मिमीपेक्षा बारीक, कॅल्शियमने कडक झालेली, किंवा भोक फाट्यावरच असेल तर प्लगवालं (बूच बसवणारं) डिवाइस विसरा, हाताने दाबा. आणि भोक फार वर गेलं असेल तर सिनियरला लगेच दाखवा, कारण तिथे मागे हाडच नाही, दाबणार कशावर?

हाताने दाबायचं ठरलं तर आधी एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी). हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) दिलेलं असेल तर १८० सेकंदाच्या खाली येईपर्यंत शीथ तशीच राहू द्या, घाई करू नका. पेशंटला लघवी करून घ्यायला सांगा, सलाइन चालू आहे ना बघा, अॅट्रोपिन (पल्स पडली तर द्यायचं औषध) हाताशी ठेवा. सुई तिरकी गेलेली असते म्हणून धमनीतलं भोक कातडीच्या भोकाच्या १-२ सेमी वर असतं, बोटं तिथे हवीत. जाडजूड बोळा ठेवून वरून रेटलं तर खाली रक्ताची गाठ वाढत असते आणि आपल्याला पत्ता नसतो. पलंग खाली घ्या, स्टूलवर चढा, कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन द्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला तुमचीच कंबर बोलायला लागेल. १५ ते २० मिनिटं, मोठी शीथ असेल तर अजून. पहिली काही मिनिटं जोरात, मग पावलाची पल्स हलकी लागेल इतपत. मधेच उचलून बघायचं नाही!! भात शिजला का म्हणून दर मिनिटाला झाकण काढल्यासारखं होतं, परत शून्यापासून सुरू. पेशंट जांभया द्यायला लागला, घाम फुटला, पल्स ४०वर आली तर दाब थोडा कमी करा, पाय वर, सलाइन जोरात, हाक मारा. वाळूच्या पिशवीवर माझा काही विश्वास नाही, तिने फक्त पेशंट पाय हलवत नाही एवढंच.

मग डिवाइस कोणाला? ज्यांना ४-६ तास उताणं झोपवतच नाही त्यांना. दम लागणारे, प्रोस्टेटवाले आजोबा, कंबरदुखीवाले. डिवाइसने रक्तस्राव होतच नाही असं नाही, पेशंट लवकर उठतो हा खरा फायदा. आणि खर्च नातेवाईकांना आधीच सांगा, बिलावर दिसल्यावर भांडण ठरलेलं.

अँजिओ-सील हे प्लगवालं डिवाइस, त्यात धमनीच्या आत छोटा अँकर, बाहेर कोलॅजनचा प्लग, सगळं साधारण ९० दिवसांत विरघळतं, तोवर त्याच जागी परत सुई टाळायची, घालायचीच तर १ सेमी वर. परक्लोज हे दुसरं डिवाइस म्हणजे चक्क टाका, त्यामुळे परत लगेच तिथून जावं लागलं तरी चालतं. टावीसारख्या (धमनीतून हृदयाची झडप बसवायच्या) केसमधे १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) वगैरे शीथ जाते, तिथे मोठी शीथ जायच्या आधीच दोन परक्लोज घालून धागे तयार ठेवतात, शेवटी आठवून उपयोग नाही.

काहीही लावलं तरी वॉर्डात फोन करून सांगा, पेशंट कंबर किंवा पोट दुखतंय म्हणाला आणि बीपी पडतंय तर जांघ स्वच्छ दिसली तरी गप्प बसू नका, रक्त आत पोटामागे साठत असू शकतं. आणि अँजिओ-सीलच्या पाकिटातलं कार्ड तारीख टाकून पेशंटच्याच हातात द्या, फाइलला लावलं की ते फाइलबरोबर रेकॉर्ड रूममधे जातं.