रात्री गाडी चालवताना या चुका टाळा: झोप आधी डोळ्यांत दिसते

गणपतीला गावी जायचं म्हणजे रात्रीच निघायचं, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ऑफिस आटपून घरी, बांधाबांध, जेवण, अकराला पनवेल सोडायचं आणि उजाडता उजाडता कणकवली गाठायची. कारण काय, तर रात्री ट्रॅफिक नसतं. (गणपतीच्या आदल्या दोन रात्री तेही खरं नसतं, पण ते असो.)

अशाच एका रात्री चारच्या पुढे, संगमेश्वर मागे पडल्यावर, शेजारी बसलेल्या मावसभावाने विचारलं, "दादा, हातखंबा गेला काय?" मला सांगता येईना. हातखंबा म्हणजे रत्नागिरीचा फाटा, न कळण्यासारखी जागा नाही. तो मागे गेला होता. मी तिथे गाडी हळू केली होती, गिअर बदलला होता, आणि त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. भाऊ म्हणाला, "तू तर नीट समोर बघत होतास. एकटक."

त्या "एकटक"मध्येच खरी गोम होती. जागा माणूस गाडी चालवताना एकटक बघतच नाही. त्याची नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते: रस्त्याची कड, आरसा, समोरच्या ट्रकचे दिवे, काटा, पुन्हा रस्ता. झोप चढू लागली की या उड्या मंदावतात, नजर एकाच जागी जास्त वेळ रेंगाळते आणि आरशाकडे जायचं विसरते. डोळे उघडे आणि लक्ष गायब, अशी ती अवस्था. अशात मेंदू दोन-तीन सेकंद चक्क झोपूनही घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद म्हणजे जवळपास ६७ मीटर.

"मला कुठे झोप येतेय?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २००३ साली अमेरिकेत हान्स व्हॅन डाँगन आणि डेव्हिड डिंजेस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या काही जणांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. लक्ष किती टिकतं याच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली. पण "किती पेंगुळल्यासारखं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर काही दिवसांनी जवळपास जागच्या जागी थांबलं. म्हणजे माणूस ढासळत होता आणि त्याला वाटत होतं, झाली आता सवय. "मला सहा तास पुरतात" असं छातीठोकपणे सांगणारे आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा.

दुसरा हिशोब ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये मांडलेला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकराला भरतात, म्हणजे आम्ही पनवेल सोडायचो बरोबर तेव्हा.

काच पुसत बसणं

त्या रात्री मी दोनदा गाडी थांबवून काच पुसली होती. समोरचे दिवे फुटल्यासारखे, मधूनच एकाचे दोन दिसत होते. मला वाटलं, धुकं. पुढच्याच आठवड्यात चष्म्याचा नंबरही तपासून घेतला. नंबर तोच होता! दोन्ही डोळे एका ठिकाणी रोखून धरायला स्नायूंची सतत मेहनत लागते. झोपेने ती सैल पडली की प्रतिमा विस्कटते.

डोळे अजून काही सांगत असतात, आणि ते शेजारच्याला आपल्याआधी दिसतं. पापणी मिटायला आणि पुन्हा उघडायला जास्त वेळ घेऊ लागते. उघडली तरी अर्धीच राहते. कधी बुबुळं कडेला सावकाश वाहत जातात; हे दिसलं तर चर्चा न करता गाडी बाजूला घ्यायला लावा, कारण माणूस झोपेच्या उंबरठ्यावर आहे. ट्रकचालकांवर नजर ठेवणारी यंत्रंही बरीचशी हेच मोजतात: मिनिटभरात डोळे किमान ८० टक्के मिटलेले किती वेळ होते. जांभईवर फार विसंबू नका. ती कंटाळ्यानेही येते, आणि शेजारच्याला आली म्हणूनही.

"आता काय, उजाडेलच"

साखरझोपेच्या वेळेला आपल्या भाषेने उगाच इतकं गोड नाव दिलेलं नाही. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं घड्याळ ते हेच. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते शरीराचं तापमान दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीवर आणून ठेवतं आणि सावधपणाही तळाला जातो. दुपारी चांगली झोप काढून निघालात तरी ही वेळ चुकत नाही, फक्त खड्डा उथळ होतो. पोलादपूर, कशेडी, खेड पार केलं आणि मोठं घाटकाम संपलं म्हणून आपण निवांत होतो, तेवढ्यात हा तळ येतो.

असाच एक लहान खड्डा दुपारी दोन ते चारमध्ये असतो. परतीच्या दिवशी मोदकांना दोष देतो आपण, पण तो न जेवताही येतो. जेवण त्यात भर घालतं इतकंच. वामकुक्षीला अगदीच आधार नाही असं नाही.

खिडकी, गाणी, चहा

काच खाली करून वारा घेणं आणि मोठ्याने गाणी लावणं, हे दोन्ही उपाय इंग्लंडमध्ये लाफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकांवर तपासले आहेत. फार तर थोडा वेळ बरं वाटतं. तोंडावर पाणी मारण्याची कथा याहून वेगळी असेल असं मला वाटत नाही.

चहा-कॉफी चालते, पण आपण ती चुकीची पितो. टपरीवर कटिंग मारायचा आणि लगेच किल्ली फिरवायची. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. पण त्याला कामाला लागायला २० ते ३० मिनिटं हवीत. म्हणून आधी कप प्या, दारं लॉक करा, १५-२० मिनिटांचा गजर लावून सीट मागे टाका. उठाल तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. चहापेक्षा कॉफी बरी, तिच्यात कॅफिन जास्त असतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. डुलकी तासावर नेलीत तर गाढ झोपेतून उठून डोकं आणखी जड होतं. आणि उठल्या उठल्या स्टिअरिंग धरू नका. दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा.

बाकीचं थोडक्यात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते, म्हणून केमिस्टला विचारून घ्या. पुढच्या सीटवर बसलेल्याने झोपायचं नाही, आणि चालकाला "हो-नाही"वर भागणारे प्रश्न विचारायचे नाहीत. "आता कुठलं गाव येईल?" असं विचारायचं. निघण्याआधीच्या दोन रात्री पुरेशी झोप घ्या. बांधाबांध आदल्या शनिवारी करता येते, हे आमच्या घरात कळायला पंधरा वर्षं लागली. आणि सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर तो विषय डॉक्टरांचा आहे.

आम्ही आता नऊला झोपतो आणि पहाटे पाचला उठून, आंघोळ-चहा करून, उजेडात निघतो. पोचायला दुपार टळते. ओटीवर बसलेली आजी दरवर्षी विचारते, "इतको वेळ खंय होतंस?" मावसभाऊ मागून ओरडतो, "हातखंबो बघीत होतो!"